संघर्ष चिघळला, जखमेचं काय?

मागच्या पावसाळ्यात दादाची बाईक घसरली आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. ऑपरेशन झालं, रॉड टाकला, सगळं नीट पार पडलं म्हणून पेढे वाटून झाले. तिसऱ्या आठवड्यात टाक्यांच्या कडेने पू यायला लागला. पू कल्चरला पाठवला. चार दिवसांनी एक कागद हातात आला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे प्रत्येकासमोर एकच इंग्रजी अक्षर. 'एस' म्हणजे जंतू या औषधाला दबतो, 'आर' म्हणजे दबत नाही. सतरा नावं होती. एस तीन.

त्या दिवसांत रात्री मी हॉस्पिटलात झोपायचे, म्हणजे झोपायचे नाही. दादालाही झोप नसायची. एकाच इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, दुसरं माझ्या, आणि मोबाईल सलाईनच्या स्टँडला टेकवलेला. अशाच एका रात्री आम्ही 'फॉर समा' पाहिला. वाद अल-कतीब आणि एडवर्ड वॉट्स यांची २०१९ ची डॉक्युमेंटरी, सिरियातल्या अलेप्पोच्या वेढ्यातली. वादचा नवरा हमजा डॉक्टर आहे, तिची लेक समा वेढ्यातच जन्मते, आणि वाद कॅमेरा खाली ठेवत नाही. त्यात एक प्रसंग आहे. बॉम्बहल्ल्यात जखमी झालेल्या, दिवस भरलेल्या बाईचं तातडीने सीझर करतात. बाळ निपचित. डॉक्टर त्याला उलटं धरतात, पाठ चोळतात, चापट्या मारतात. किती तरी वेळ काही होत नाही. मग ते रडतं. आई आणि बाळ दोघंही वाचली, एवढं आपल्याला कळतं.

मी रडत होते. दादाने कानातलं काढलं आणि विचारलं, "अगं, पण हिची जखम भरली का?"

मला आधी त्याचा राग आला. एवढा मोठा क्षण, आणि हा टाक्यांचं विचारतोय. मग मी फिल्म मागे घेतली, पुढे नेली. उत्तर कुठेच नव्हतं. हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. गेले काही महिने मी युद्धाबद्दलच्या फिल्म आणि पुस्तकं फक्त एवढाच प्रश्न घेऊन पाहते आहे: जखम झाली, मान्य, पुढच्या महिन्यात ती कुठे आहे?

*

आधी आपल्या भाषेचं बघू. 'चिघळणे' हे जखमेचं क्रियापद. पण मराठी बातम्यांमध्ये जखम क्वचितच चिघळते. चिघळतो तो वाद, प्रश्न, संघर्ष, आंदोलन. गाझातला संघर्ष चिघळला, युक्रेनचा प्रश्न चिघळला. जखमेकडून शब्द उसना घेतला आणि जखमेला परत दिलाच नाही. ज्या माणसाच्या मांडीत खरोखर काही चिघळतंय, त्याच्याबद्दल आपण लिहितो 'गंभीर जखमी', आणि दुसऱ्या दिवशी आकडा बदलतो.

दुसरं म्हणजे अश्वत्थामा. मराठीत कुठलंही जुनं दुःख सांगायचं झालं की अश्वत्थाम्याची भळभळती जखम येते. इतकी येते, की परीक्षक मंडळींनी तिच्यावर काही वर्षं बंदी घालायला हरकत नाही. पण त्या कथेचं एक रूप मला आवडतं. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीच्या सुमाराला तिथे यात्रा भरते. अश्वत्थामा त्या डोंगरांत अजून फिरतो आणि जखमेवर लावायला तेल मागतो, अशी तिथली श्रद्धा. तेल मागणारा अश्वत्थामा हा रूपक नसलेला अश्वत्थामा आहे. त्याला सहानुभूती नको आहे, ड्रेसिंग हवंय.

तरी एक गोष्ट विसरता येत नाही. महाभारतातली न भरणारी जखम ही शिक्षा आहे. ज्याने रात्री झोपलेल्यांना मारलं, गर्भावर अस्त्र सोडलं, त्याला ती मिळाली. जखम आणि पाप यांचा हिशेब जुळतो. ज्या जखमांबद्दल मी लिहिते आहे, त्यांचा हिशेब उलटा आहे. झोपेत छत कोसळलं त्याला ती मिळते.

*

एके काळी जगाच्या साहित्यात अशा जखमेला भरपूर जागा होती. 'वॉर अँड पीस'मधला प्रिन्स आंद्रेई घ्या. १८१२ च्या बोरोदिनोच्या लढाईत त्याच्याजवळ तोफगोळा फुटतो. कुठलाही आजचा पटकथाकार त्याला तिथेच मारेल. टॉलस्टॉय मारत नाही. गाडीत घालून मॉस्कोबाहेर नेतो, मितिश्चीला थांबवतो, यारोस्लाव्हलपर्यंत पोचवतो. वाटेत डॉक्टर पट्टी सोडतो तेव्हा सडलेल्या मांसाच्या वासाने तोंड वाकडं करतो. नताशा शेजारी बसून मोजे विणते, कारण आजाऱ्याची शुश्रूषा विणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या दाया सर्वांत चांगली करतात असं आंद्रेई कधी तरी बोलून गेलेला असतो. आठवडेच्या आठवडे जातात, पानंच्या पानं जातात. आंद्रेईचं क्षमा करणं, प्रेमाबद्दलचं त्याचं सगळं चिंतन त्या सडत जाणाऱ्या वेळातच घडतं. जखमेचा वेळ काढून टाकला तर कादंबरीचा तो भागच उरत नाही.

रेमार्कच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये केमरिश पाय कापलेल्या अवस्थेत कॉटवर हळूहळू मरतो आणि मित्रांचं लक्ष त्याच्या बुटांकडे असतं. हेमिंग्वेच्या १९३६ च्या किलिमांजारोच्या कथेत तर युद्धही नाही. काट्याचा ओरखडा, आयोडीन लावायचं राहिलं, गँगरीन. अख्खी कथा त्या कुजणाऱ्या पायाच्या वेळात घडते.

आणि मग पेनिसिलिन आलं.

माझं म्हणणं असं, की पेनिसिलिनने माणसं वाचवली तशीच गोष्टींची लांबीही बदलली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कथनात जखमी माणूस एक तर जागीच मरतो, नाही तर 'हॉस्पिटलात नेलं' म्हणून कट होतो आणि पुढच्या सीनमध्ये काठी घेऊन चालत येतो. मधलं सगळं गोळ्या-इंजेक्शनं करतात आणि त्यात सांगण्यासारखं काही नसतं. अँटिबायोटिक हा गेल्या शतकातला सर्वांत प्रभावी फिल्म एडिटर आहे, असं मी एकदा गमतीत म्हणाले होते. आता ते गमतीत म्हणवत नाही. कारण जंतूंनी तो कट रद्द केला आहे. अलेप्पोत, मोसुलमध्ये, गाझात, खारकीव्हमध्ये मांडीचं हाड फुटलेल्या माणसाच्या वाट्याला पुन्हा प्रिन्स आंद्रेईचा वेळ आला आहे. आपल्या गोष्टी मात्र अजून पेनिसिलिनच्याच वेगाने चालल्या आहेत.

*

गंमत म्हणजे ज्याने हे औषध दिलं, त्या अलेक्झांडर फ्लेमिंगला जखमेची भूमिती चांगली माहीत होती. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समधल्या बूलोन्यला होता. तिथल्या कॅसिनोत ब्रिटिशांनी हॉस्पिटल थाटलं होतं. त्याने काचेची एक नळी तापवून तिला पोकळ काटे ओढले, गोळ्याने फाडलेल्या जखमेसारखे. त्यात जंतू वाढवले, जंतुनाशक ओतलं, काढलं. काट्यांच्या टोकाला जंतू जसेच्या तसे. म्हणजे वरून धुतलेली जखम आत तशीच राहते. युद्धातल्या जखमेबद्दल इतकं नेमकं शिल्प दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही.

याच फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एक छोटी गोष्ट सांगितली. ती आज रेझिस्टन्सबद्दलच्या प्रत्येक भाषणात हजेरी लावते. कोणी एक मिस्टर एक्स. त्याचा घसा दुखतो, तो पेनिसिलिन आणतो, पुरेसं घेत नाही. जंतू मरायच्याऐवजी शहाणे होतात. ते बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आता पेनिसिलिन चालत नाही, ती मरते. दोषी कोण? मिस्टर एक्स.

कथा म्हणून ही बांधेसूद आहे. एक पात्र, एक चूक, एक मृत्यू, एक तात्पर्य. आणि तिथेच माझी तक्रार आहे. गेली ऐंशी वर्षं आपण या विषयावर हीच कथा पुन्हा पुन्हा सांगतो आहोत. डॉक्टरने लिहून दिलेला कोर्स पूर्ण करा, स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका, सर्दीला अँटिबायोटिक नको. सगळं खरं. पण चेंगराचेंगरीच्या तळघरात, वीज नसताना, लॅब नसताना, कुठला जंतू आहे हे कळायचा मार्ग नसताना जो डॉक्टर हाताला लागेल ते औषध देतो, तो मिस्टर एक्स आहे का? ज्या मुलीला आठवडाभरात तीन हॉस्पिटलं बदलावी लागली, कारण पहिली दोन पाडली गेली, ती मिस्टर एक्स आहे का?

'द थर्ड मॅन'ला निदान खलनायक सापडला. कॅरोल रीडची १९४९ ची फिल्म, पटकथा ग्रॅहम ग्रीनची. युद्धानंतरचं चार फौजांनी वाटून घेतलेलं व्हिएन्ना. हॅरी लाइम भेसळीचं, पातळ केलेलं पेनिसिलिन काळ्या बाजारात विकतो. आजच्या भाषेत तो जंतूंना शिकवण्याचं काम करतो, आणि बळी पडतात ती मुलं आणि जखमी. त्या फिल्ममधला मुलांच्या वॉर्डचा प्रसंग मी पुन्हा पाहिला. लाइमच्या मित्राला अधिकारी मुद्दाम तिथे नेतो. आपल्याला नर्सा दिसतात, कॉट दिसतात, पाहणाऱ्याचा चेहरा दिसतो. मुलं दिसत नाहीत. एक टेडी बेअर तेवढं डोकं खाली करून टाकलं जातं. हा संयम फिल्मच्या शहाणपणाचा नमुना मानतात, मीही मानत होते. आता वाटतं, त्या संयमाची किंमतही आहे. मुलं न दाखवल्यामुळे त्यांचं आजारपण एका क्षणाचं होतं. वॉर्ड हा मित्राचं मन वळवण्याचा मुक्काम ठरतो. मन वळलं, फिल्म पुढे निघाली, गटारातल्या त्या प्रसिद्ध पाठलागाकडे. मुलं तिथेच.

*

अलीकडच्या डॉक्युमेंटरींवर मी हाच आरोप करायला निघाले होते, पण तो पूर्ण टिकत नाही. 'फॉर समा' अलेप्पोच्या वेढ्यात शूट झाली. फेरास फय्यादची 'द केव्ह' पूर्व घूताच्या भुयारी हॉस्पिटलात. दोन्ही २०१९ च्या. जिथे पुढच्या तासाची खात्री नाही तिथे आठव्या आठवड्याचं ड्रेसिंग कोण शूट करणार?

'द केव्ह'ला एक श्रेय द्यायला हवं. अमानी बल्लूर ही बालरोगतज्ज्ञ तिथली प्रमुख आहे, आणि फिल्मला कंटाळ्याचं वावडं नाही. जेवण शिजतं, भात बिघडतो, एक माणूस येऊन बाईने हॉस्पिटल चालवावं का यावर हुज्जत घालतो. सर्जन भूल नाही म्हणून मोबाईलवर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लावतो. हा प्रसंग सगळ्या परीक्षणांत आला, कारण तो सुंदर आहे. मला मात्र त्यावर जरा थांबावंसं वाटतं. भूल नाही, हे संगीतामुळे पडद्यावर येऊ शकलं. निर्जंतुक हातमोजे नाहीत, पाणी नाही, कल्चर करायची सोय नाही, याला कुठलं संगीत लावणार? वेदना ऐकू येते. संसर्ग ऐकू येत नाही.

म्स्तिस्लाव्ह चेर्नोव्हच्या '२० डेज इन मारियुपोल'मध्ये तर काळाची मर्यादा नावातच आहे. २०२४ मध्ये तिला ऑस्कर मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. पत्रकारांनी वीस दिवस तिथे काढले म्हणून जगाला प्रसूतिगृहावरचा हल्ला दिसला. पण जखमेचं कॅलेंडर विसाव्या दिवसानंतर उघडतं. दादाचा पू एकविसाव्या दिवशी आला होता.

युद्धातल्या जखमेचा एक जुना नियम आहे, सर्जन लोकांना पाठ असतो. मेलेलं मांस कापून काढा, जखम शिवू नका, उघडी ठेवा, चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा, स्वच्छ असेल तर मग बंद करा. साधा नियम. त्यात औषधापेक्षा महत्त्वाचा घटक आहे तो म्हणजे पाचवा दिवस. त्या दिवशी तोच पेशंट, तेच हॉस्पिटल, जमलं तर तोच डॉक्टर जागेवर हवा. वेढा, स्थलांतराचे आदेश, हॉस्पिटलांवरचे हल्ले हे सगळं मिळून नेमका तो पाचवा दिवस हिरावून घेतात. मग घाईत शिवलेल्या जखमेत कपड्याचा धागा, माती, हाडाचा सुटलेला तुकडा राहतो. मेलेल्या हाडाला रक्त नाही, म्हणून रक्तातून जाणारं औषध तिथे पोचत नाही. हाड जोडायला लावलेल्या धातूवर जंतू चिकट थर करून बसतात. फ्लेमिंगच्या काचेच्या काट्यांसारखंच हे, फक्त आता ज्या जंतूवर औषध पोचलं तरी चालत नाही असा जंतू आत आहे.

डेव्हिड नॉट या ब्रिटिश सर्जनचं 'वॉर डॉक्टर' मी एका बैठकीत वाचलं. साराएव्हो, अलेप्पो, गाझा. माणूस धाडसी आहे आणि स्वतःच्या भीतीबद्दल प्रामाणिक आहे. स्थानिक सर्जनना शिकवण्यावर त्याचा भर आहे, तोही महत्त्वाचा. पण पुस्तकाचा श्वास ऑपरेशन टेबलाच्या लांबीचा आहे. शिरेला टाका बसला, रक्त थांबलं, धडा संपला. बाहेरून येणाऱ्या सर्जनच्या आत्मकथेला हा आकार पडणं अटळ असावं. तो काही आठवड्यांसाठी येतो. ड्रेसिंग करणारी नर्स तिथेच राहते, आणि तिचं पुस्तक कुणी छापत नाही.

*

आता ज्या नावावरून मला हा लेख लिहायचाच होता, त्याकडे येते. 'इराकीबॅक्टर'.

२००३ नंतर इराकमधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांच्या जखमांत असिनेटोबॅक्टर बाउमानी नावाचा जंतू सापडू लागला. बहुतेक औषधांना न जुमानणारा. सैनिकी बोलीत त्याला नाव पडलं इराकीबॅक्टर. अंदाज असा होता की तो इराकच्या मातीतला, स्फोटाबरोबर जखमेत उडालेला. नंतर तपासलं तर ताज्या जखमांत तो जवळपास नव्हताच. सापडला तो सैन्याच्याच फील्ड हॉस्पिटलांत, खाटांवर, यंत्रांवर. म्हणजे तो लष्करी उपचारांच्या साखळीतून पसरत होता. पण तोवर नाव चिकटलं होतं.

नाव देणं हे साहित्यिक कृत्य आहे, म्हणून मी त्याकडे परीक्षक म्हणून बघते. या एका शब्दात अख्खी कादंबरी आहे: देश मलिन, सैनिक निष्पाप, माती हल्लेखोर. या कथेत इराकी पेशंटला जागाच नाही. त्याच जंतूने त्याचा पाय गेला तर त्याच्या जंतूला काय म्हणायचं?

आपल्याला हा अनुभव आहे. २००८ मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका पेशंटमध्ये औषधं निकामी करणारं एक एन्झाइम सापडलं. त्याचं नाव ठेवलं गेलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजे एनडीएम-१. २०१० मध्ये त्यावर भारतात गदारोळ झाला, संसदेत आवाज उठला. 'लॅन्सेट'चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी २०११ च्या जानेवारीत हे नाव चुकल्याचं मान्य केलं. नाव मात्र राहिलं. तेव्हा मी शाळेत होते, आणि टीव्हीवरचा राग मला आठवतो. आता वाटतं, आपण नावावर रागावलो आणि नावामागच्या गोष्टीला, म्हणजे आपल्या हॉस्पिटलांतल्या पाण्याला आणि सांडपाण्याला, तेवढ्यात निसटू दिलं. इराकला तर तेवढाही राग परवडला नाही. बोलीभाषेतल्या टोपणनावाबद्दल माफी कोणाकडे मागायची?

हे नाव उलटं वाचणारा लेखक आहे ओमार देवाची. तो इराकमध्येच डॉक्टर झाला, निर्बंधांच्या काळात, आणि पुढे मानववंशशास्त्राकडे वळला. त्याचं 'अनगव्हर्नेबल लाइफ' २०१७ मध्ये आलं. विषय रेझिस्टन्स नाही, इराकी डॉक्टर आणि इराकी राज्ययंत्रणा यांची एकत्र घडण आणि एकत्र मोडतोड हा आहे. ब्रिटिश अंमलात १९२७ मध्ये बगदादला मेडिकल कॉलेज निघतं, पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर शिकायला ब्रिटनला जातात, आणि शेवटी त्याच वाटेने कायमचे निघून जातात. वाचायला सोपं नाही. सिद्धान्ताची परिभाषा काही ठिकाणी माणसांच्या अंगावर बसते, आणि पेशंट अधूनमधूनच दिसतात. पण त्याच्या नंतरच्या लेखांत, विशेषतः इराकीबॅक्टरवरच्या २०१९ च्या लेखात, तो जे करतो ते मला कुठल्याच फिल्ममध्ये दिसलं नाही. तो जखमेला इतिहास देतो. १९९० पासूनचे निर्बंध, औषधांचा तुटवडा, मिळेल त्या अँटिबायोटिकवर भागवणं, मग २००३ चं आक्रमण, डॉक्टरांचं पलायन, उपचारासाठी बैरूतची वारी. या सगळ्यातून जंतू घडला असं तो मांडतो. जखमा प्रवास करतात, हे त्याचं सूत्र. इथे मिस्टर एक्स नाही आणि हॅरी लाइमही नाही. ठराव आहेत, सीमा आहेत, बंद पडलेली लॅब आहे. अशा खलनायकाचा पाठलाग कुठल्या गटारातून करणार?

इथे एक आडवळण घेते, कारण आपल्या दाराशी येतं. १९१५ मध्ये याच तैग्रिस नदीकाठी जी ब्रिटिश-हिंदी फौज होती, तिचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना बोटीतून बसऱ्याला आणलं. जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याच्या तारा गेल्या. प्रत्यक्षात बोटीच्या कडांवरून विष्ठेचे ओघळ लोंबत होते आणि जखमांत अळ्या होत्या. ते पाहून लिहिणाऱ्या मेजर कार्टर या डॉक्टरला वरिष्ठांनी अटकेची धमकी दिली. १९१७ च्या मेसोपोटेमिया कमिशनने शेवटी त्याचं ऐकलं. सरकारी तारेत आणि मेजरच्या टिपणात जो फरक आहे, तोच 'गंभीर जखमी' आणि 'चिघळलेली जखम' यांतला फरक आहे.

*

सर्वांत पारदर्शक मजकूर मला शेवटी वैद्यकीय नियतकालिकांत सापडला, हे साहित्यप्रेमी म्हणून कबूल करायला थोडं जड जातं. गाझात २०१८ मध्ये कुंपणाजवळच्या निदर्शनांत त्या वर्षअखेरपर्यंत सहा हजारांहून जास्त लोकांना गोळ्या लागल्या, असं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने नोंदवलं. बहुतेकांना पायांवर. बातमीत तेव्हा मृतांचा आकडा मोठ्या अक्षरात होता. पायांचं पुढे काय झालं हे मेडसाँ सां फ्रोंतिएर म्हणजे एमएसएफच्या अहवालांत आहे: हाडांचे संसर्ग, पुन्हा पुन्हा ऑपरेशनं, दबत नसलेले जंतू. मग २०२५ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये गाझातल्या अल-अहली हॉस्पिटलच्या लॅबमधली आकडेवारी आली. २०२३ च्या नोव्हेंबरपासून पुढचे दहा महिने, १,३०० हून जास्त नमुने, त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश अनेक औषधांना दाद न देणारे.

हा आकडा वाचताना मला आकड्याचं आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते नमुने असल्याचं. त्या दहा महिन्यांत कोणीतरी जखमेत बोळा फिरवला, त्यावर चिठ्ठी लावली, प्लेटवर पसरला, दुसऱ्या दिवशी उघडून बघितला, आणि एस किंवा आर लिहिलं. एक हजार तीनशे वेळा. डायरी लिहिणं यापेक्षा वेगळं काय असतं?

असंच एक न लिहिलं गेलेलं पुस्तक अम्मानमध्ये आहे. तिथे एमएसएफचं पुनर्रचना शस्त्रक्रियांचं हॉस्पिटल २००६ पासून चालतं, आधी इराकी जखमींसाठी, मग सिरिया, येमेन, गाझातल्याही. लोक तिथे पोचतात तेव्हा जखम महिन्यांची किंवा वर्षांची झालेली असते. ज्यांच्या जखमेत असा जंतू निघतो त्यांना वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं. येणारा प्रत्येक जण गाऊन आणि हातमोजे घालून येतो. हाडाचा संसर्ग म्हणजे निदान सहा आठवडे औषध, बहुतेकदा जास्त. कधी कोलिस्टिन, किडनीला त्रास देतं म्हणून मागे पडलेलं आणि आता नाइलाजाने परत काढलेलं औषध. घर गेलेलं, देश मागे राहिलेला, आणि आता वॉर्डातल्या शेजारच्या माणसाशी पत्ते खेळायचीही सोय नाही. त्या खोलीत टॉलस्टॉयचा वेळ आहे. विणकाम करणारी नताशा रबरी हातमोज्यांत आहे.

मी त्या खोलीवरची फिल्म शोधते आहे. दहा मिनिटांच्या बातम्या आहेत, देणगीसाठी केलेले व्हिडिओ आहेत, ज्यांत शेवटी मुलगा हसून चालतो. मला तो चालायच्या आधीचा चौथा महिना हवा आहे. तोच पलंग, तीच खिडकी, पट्टी सोडली की काय निघेल याची तीच धाकधूक. कंटाळवाणी फिल्म होईल. दोन तासांत एकही स्फोट नाही.

दादाच्या पायात अजून रॉड आहे. मागच्या आठवड्यात पुन्हा कल्चर पाठवलं, रिपोर्ट गुरुवारी येईल. रविवारी त्याने मला 'वॉर अँड पीस' मराठीत मिळतं का विचारलं. जाड आहे म्हणाले. तो म्हणाला, वेळ आहे.